क वर्गातली नदी

नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं.

मी वारणानगरहून सकाळच्या एसटीनं आलो होतो. वडिलांनी दूध संघात उभं आयुष्य काढलेलं. सरकारी नोकरी लागलेला घरातला मी पहिलाच. नवा शर्ट, हातात नेमणुकीचा कागद. आमचं ते पाणी तपासणीचं कार्यालय म्हणजे तीन खोल्या, एक प्रयोगशाळा आणि मागं पत्र्याचं कोठार. साहेब अजून आले नव्हते. दाराजवळच्या टेबलापुढं हातांची, वेतानं विणलेली एक चांगली खुर्ची रिकामी दिसली, म्हणून टेकलो. तेवढ्यात आतून एवढा मोठा आवाज आला की मला वाटलं कुणीतरी पडलंबिडलं.

"उठा! उठा तिथनं!"

बघतो तर माझ्या खांद्याला लागेल एवढा किडकिडीत माणूस. पांढऱ्या कोटाच्या बाह्या दुमडलेल्या, हातात काचेची बाटली. एवढ्याशा छातीतून तो आवाज कसा निघतो याचं पुढं कित्येक दिवस मला नवल वाटायचं.

"पावणं, वही बघायला आलाय का?"

"नाही, मी नवा क्लार्क. आजच हजर होतोय."

"मग उभं ऱ्हावा. ही मालकाची खुर्ची हाय."

मालक म्हणजे साहेब, असं मी धरून चाललो. साहेब अकरा वाजता आले आणि सरळ आपल्या खोलीत गेले. खुर्चीकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दुपारी नदीत जाळं टाकणारा एक म्हातारा आला. लेंगा गुडघ्यापर्यंत वर, पायाला वाळलेला चिखल. त्याला बघताच हे गृहस्थ उभे राहिले. "या मालक, बसा." म्हातारा बिनदिक्कत त्या खुर्चीत बसला. त्याच्यापुढं एक जाडजूड वही उघडली गेली आणि कालच्या नमुन्यांच्या ओळी बोट ठेवून, सगळ्या कार्यालयाला ऐकू जातील अशा वाचल्या गेल्या. म्हाताऱ्यानं मान हलवली. "म्हंजे उद्या खालतीकडं जायला नगो," असं स्वतःशीच म्हणाला आणि निघून गेला. साहेबांना भेटायची त्याला गरजही वाटली नाही.

"त्यांची नदी," तो गेल्यावर मला सांगितलं गेलं, "त्यांच्या सरकारनं तपासली, त्यांच्यासाठी वहीत लिवली. मग मालक कोण? तू का मी?"

मला उठवणाऱ्या या गृहस्थांना आम्ही अण्णा म्हणायचो. हुद्दा प्रयोगशाळा सहायक. राहायला उचगावात. रोज सकाळी जुन्या मोपेडच्या मागं बर्फाची पेटी बांधायची, पंचगंगेच्या काठच्या ठरलेल्या जागा फिरून बाटल्या भरून आणायच्या, दुपारी त्या तपासायच्या आणि साडेपाचच्या आत आकडे वहीत चढवायचे. मी आलो तेव्हा त्यांनी हे पंधरा-सोळा वर्षं केलं होतं. त्यांच्या आधीच्या माणसाच्या वह्या धरल्या तर कपाटात नदीची चाळीस वर्षं उभी होती, एकाला एक लागून.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, किंवा ते लक्षात ठेवायचे नाहीत. जो ज्या नदीकाठचा, तीच त्याची ओळख. मी वारणा झालो. गडहिंग्लजच्या टायपिस्ट बाई हिरण्यकेशी. चंदगडचा शिपाई ताम्रपर्णी. "ताम्रपर्णी, वारणाला च्या दे," असं ते ओरडले की बाहेरून आलेला माणूस गोंधळून जायचा. सीमेकडचे काही शेतकरी यायचे, त्यांच्याशी अण्णा दोन शब्द कानडीत बोलायचे, "बर्री, कूडरी," म्हणजे या, बसा, आणि लगेच नदी विचारायचे.

दुसरं वेड दशांश चिन्हाचं. "सुमारे" हा शब्द ऐकला की त्यांच्या कपाळाची शीर उभी राहायची. सहा पूर्णांक आठ म्हणजे सहा पूर्णांक आठ; त्याला सात म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी लबाड. हे फक्त पाण्यापुरतं असतं तर ठीक होतं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्त बारा बत्तीसचा छापला होता. वारणानगरच्या मंगल कार्यालयात गर्दी झालेली, मामा लोक मुलीला आणायला उशीर करताहेत, अक्षता पडल्या तेव्हा बारा चाळीस झाले होते. बँड सुरू होणार इतक्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "आठ मिनिटं उशीर झालाय हो! लिवून ठिवा!" माझे सासरे अजून त्यांना 'तो आठ मिनिटंवाला' म्हणूनच ओळखतात.

वहीतले आकडे समजावून सांगायची मात्र त्यांची रीत अशी होती की शाळेत न गेलेल्या माणसालाही कळावं. पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती, हा आमच्याकडचा मुख्य आकडा. ते त्याला 'माशाचा श्वास' म्हणायचे. "ह्यो आकडा सहाच्या वर असंल तर मासा सुखात हाय. उतरत चालला की मासा तोंड वर काढतोय. आन् मासा तोंड वर काढाय लागला की माणसानं तोंड लावू ने." असं वाचून दाखवताना त्यांना वेळेचं भान नसायचं. एक निवृत्त मास्तर तर रोज संध्याकाळी पेपर वाचावा तशी वही वाचायला यायचे. कॉलेजच्या पोरी आकडे उतरवून न्यायच्या. मी एकदा एकीला सवयीनं विचारलं, "कशाला पाहिजे ही माहिती?" अण्णा प्रयोगशाळेतून तीरासारखे बाहेर आले.

"तिच्या घरात तिच्या आईनं काय शिजवलंय ते बगायला ती कारण सांगती का?"

मी परत कुणाला कारण विचारलं नाही.

काही वर्षांनी नवे साहेब आले. नाशिककडचे होते, म्हणून अण्णांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात 'गोदावरी साहेब' करून टाकलं. माणूस वाईट नव्हता. टापटिपीचा होता, संगणकाची आवड होती आणि वर्तमानपत्रांची धास्ती होती. त्याच सुमारास वरून आदेश आले की सगळे आकडे आता संकेतस्थळावर चढवायचे. साहेबांना आनंद झाला. अण्णांनाही झाला, खोटं कशाला बोलू. "म्हंजे मालकाला एवढ्या लांब यायला नगो," असं म्हणून त्यांनी पहिले पंधरा दिवस स्वतः संगणकापुढं बसून, एका बोटानं, दशांश चिन्हासकट आकडे भरले.

पण संकेतस्थळावर चालू वर्षच दिसायचं. एक जानेवारीला मागचं वर्ष पुसलं गेलं. अण्णा सकाळी नवा आकडा भरायला बसले आणि पडद्याकडं बघतच राहिले.

"वारणा, आपली डिसेंबरची नदी कुठं गेली?"

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, रचनाच तशी आहे, जुना डेटा वर कुठंतरी साठवलेला असतो. वर म्हणजे कुठं, ते त्यांनाही माहीत नव्हतं. आणि आता सगळं संगणकावर आलंच आहे, तर दाराजवळचं ते टेबल, ती गर्दी, ते मोठ्यानं वाचणं हवंय कशाला, असा त्यांचा विचार पडला. टेबल हलवलं. वह्या मागच्या कोठारात गेल्या; अण्णा मात्र रोजचा आकडा वहीतही चढवत राहिले. दारावर कागद लागला: 'माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे.'

आता माझी गोष्ट सांगायला हवी.

सरकारी दप्तराचे वर्ग असतात. 'अ' म्हणजे कायम जपायचं. 'ड' म्हणजे वर्षभरात संपवायचं. 'ब' आणि 'क' मधले. त्यातलं 'क' म्हणजे काही वर्षं झाली की नष्ट करायला मोकळं. कोठारातल्या दप्तराची यादी करून प्रत्येकापुढं वर्ग लिहायचं काम साहेबांनी मला दिलं. हजेरीपट, जावक बुकं, काचसामानाची मागणीपत्रं, असलं चारशे-साडेचारशे नगांचं दप्तर. पहिली काही पानं मी नीट केली. मग जेवायची वेळ झाली. उरलेल्या रकान्यात मी वर एक 'क' लिहिला आणि खाली शेवटपर्यंत 'वरीलप्रमाणे'च्या खुणा ओढल्या. त्या खुणांमध्ये नदीची चाळीस वर्षं होती. मी ती ओळ वाचलीसुद्धा नव्हती. साहेबांनी सही केली आणि यादी वर गेली. नष्ट करायला मंजुरीही आली.

त्याच उन्हाळ्यात नदीकाठच्या एका गावात काविळीची साथ आली. गावाच्या सरपंच एक बाई होत्या, चाळिशीच्या, दोन म्हशी सांभाळून कारभार बघणाऱ्या. त्या चार बायकांना घेऊन आमच्या कार्यालयात आल्या. डोक्यावरचा पदर नीट करत त्यांनी साहेबांना विचारलं, "आमच्या गावाला नदीचं पाणी येतंय. ते कवापासनं खराब हाय, तेवढं सांगा."

साहेबांनी संकेतस्थळ उघडून दाखवलं. त्यात त्या वर्षाचे चार महिने होते. "मागचं हवं असेल तर अर्ज करा," साहेब म्हणाले. आवाजात तुसडेपणा नव्हता, पण बाईंनी नुसतं बघितलं आणि त्या उठल्या.

अण्णा व्हरांड्यात उभे होते. त्यांनी विचारलं, "घरातलं कोण आजारी हाय का, ताई?"

"धाकटी जाऊ गेली," बाई म्हणाल्या. "पोटुशी हुती. आठ दिवसांत गेली."

अण्णांनी त्यांची पाणी उचलायची विहीर कुठं आहे ते विचारून घेतलं. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्याच रविवारी त्यांनी मला उचगावात बोलावलं. सुट्टी होती. तिथून त्या साथीच्या गावाला निघालो; मोपेडवर मागं मी, मांडीवर बाटल्यांची पेटी. गावाला पाणी उचलणाऱ्या विहिरीजवळ, नदीच्या काठाला, सरपंचबाई आणि बचत गटाच्या वीसेक बायका जमल्या होत्या. तिथून वर, वळणाच्या आधी, सांडपाण्याचा एक नाला नदीला मिळत होता. अण्णांनी आधी मला त्या नाल्याच्या वरच्या बाजूला नेलं आणि एक बाटली पाण्याखाली धरून भरली, आत हवेचा बुडबुडा राहू न देता. मग खाली येऊन विहिरीजवळ दुसरी भरली. दोन्ही बाटल्या दगडावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"ह्यात मी दोन औषधं घालणार. पाण्यात श्वास असंल तर चॉकलेटी साका बसतोय. नसंल तर पांढरा. मी काय सांगत न्हाय. तुमीच बगा."

पहिल्या बाटलीत थेंब पडले. बूच लावून त्यांनी ती उलटीपालटी केली. चहाच्या गाळासारखा गडद साका हळूहळू खाली बसला. बायका पुढं झुकल्या. मग दुसरी. तीही हलवली, ठेवली. सगळ्या वाट बघत राहिल्या. पांढरं, दह्यासारखं काहीतरी खाली उतरलं आणि पांढरंच राहिलं.

एका म्हातारीनं बाटली हातात घेऊन उन्हाकडं धरली, परत ठेवली.

"कवापासनं?" सरपंचबाईंनी परत तोच प्रश्न विचारला.

"ते वहीत हाय," अण्णा म्हणाले.

सोमवारी त्यांनी कुणाला न विचारता कोठारातून त्या जागेच्या वह्या बाहेर काढल्या, धूळ झटकली आणि सरपंचबाईंना दाखवल्या. साहेबांनी कारणे दाखवा नोटीस दिली. परवानगी न घेता कार्यालयीन अभिलेख बाहेरच्या व्यक्तीस का दाखवला? नोटीस मीच टाइप केली. अण्णांचं उत्तर मला अजून पाठ आहे: 'व्यक्ती बाहेरची नव्हती. वहीत गुपित कोणते आहे ते कळवावे, म्हणजे पुढील वेळी लपवता येईल.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी महिनाभराची अर्जित रजा टाकली. आम्हाला वाटलं, चिडून घरी बसणार. पण बुधवारी अकरा वाजता ते हजर. पांढरा कोट नाही, गळ्यात ओळखपत्र नाही. इस्त्रीचा शर्ट आणि हातात माहितीच्या अधिकाराचा अर्ज. माझ्या टेबलापुढं उभे राहिले.

"अण्णा, तुम्ही?"

"अण्णा रजेवर हाय. मी अर्जदार हाय. सन अमुक ते तमुक, नदी नमुन्यांच्या समद्या वह्या बगायच्या हाईत. आवक शिक्का मार."

मी हसलो. ते हसले नाहीत. मी शिक्का मारला. साहेबांनी नियम तपासले, कुणाकुणाला फोन केले. अर्ज नियमात होता. चौथ्या दिवशी साहेबांना तपासणीची परवानगी द्यावी लागली, आणि वह्या काढून द्यायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. ज्या माणसानं त्या लिहिल्या त्याच्यापुढं मी एकेक वही मोजून ठेवायचो आणि 'अभिलेख पाहिला' म्हणून सही घ्यायचो. ते शांतपणे सही करायचे आणि मला 'क्लार्कसाहेब' म्हणायचे. ताम्रपर्णीनं चहा आणला तर घेत नसत. "अर्जदाराला च्या देत न्हाईत. तसा नियम असंल तर दाखव."

वह्यांबरोबर यादीही बघायला मिळावी, असं त्यांनी अर्जात लिहिलं होतं. मी ती पुढं ठेवली. त्यांचं बोट रकान्यातून खाली उतरत गेलं आणि एका ओळीवर थांबलं.

"हितं 'क' लिवलंय."

मी पुढची वही मोजायला घेतली.

"'क' म्हंजे ऊस घालावा तसं चरकात घालायचं. वारणा, नदीला 'क' कुणी लावला?"

"वरून आलं असेल," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि ते मंजुरीचं पत्र उतरवून घ्यायला लागले. वह्या चरकात जायला तीन आठवडे उरले होते.

मग त्यांनी माणसं गोळा केली. एकानं सगळं उतरवणं शक्यच नव्हतं. त्यांच्यासारखेच अर्ज घेऊन रोज कुणी ना कुणी यायला लागलं. ते निवृत्त मास्तर आले. कॉलेजच्या पोरी आल्या, त्यांनी मोबाइलवर पानांचे फोटो काढले. गावातून बचत गटाच्या बायका आल्या, पोरांच्या उरलेल्या वह्या आणि पेनं घेऊन. एक वाचायची, दुसरी लिहायची. टेबलं कमी पडली तेव्हा त्या व्हरांड्यात सतरंजी घालून बसल्या. कार्यालयभर आकडे ऐकू यायचे. तीन पूर्णांक दोन. दोन पूर्णांक नऊ. दोन पूर्णांक एक.

एके दुपारी सरपंचबाई वाचत होत्या. त्यांच्या विहिरीजवळच्या जागेचे आकडे. एका वर्षामागून दुसरं वर्ष. आधी सहा-साडेसहा, मग पाच, मग चार. चढण उतरावी तसे ते उतरत होते. बाई एका ठिकाणी थांबल्या. लिहिणारी म्हणाली, "फुडं?" बाई म्हणाल्या, "शून्य." आणि तारीख वाचली. मग पुढची तारीख वाचली. "शून्य." ती तारीख त्यांच्या जावेच्या मरणाच्या आदल्या पंधरवड्यातली होती. त्यांनी वही बंद केली नाही. पदरानं चेहरा पुसला आणि पुढची ओळ वाचली.

साहेब आपल्या खोलीच्या दारात उभे होते. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. बायका गेल्यावर ते कोठाराकडं गेले, एक वही उचलून पानं उलटत राहिले. मला म्हणाले, "हे सगळं आपल्याकडेच होतं?"

"हो सर."

"आणि हे नष्ट करायच्या यादीत आहे?"

"हो सर."

"वर्ग कुणी लावला?"

दुसऱ्यांदा विचारलं गेलं. दुसऱ्यांदा मी म्हणालो, "जुन्या यादीतून आला असेल."

"टिपणी ठेवा. 'अ' करा. आज संध्याकाळच्या आत."

मी टिपणी ठेवली. साहेबांनी सही करून वह्या नष्ट करणं थांबवलं, वरूनही महिन्याभरात होकार आला. दाराजवळचं टेबल परत जागेवर आलं. पुढं त्यांनीच पाठपुरावा करून जुन्या वह्या स्कॅन करवल्या आणि मागची वर्षंही संकेतस्थळावर दिसायला लागली. गावानं उतरवलेल्या वह्या घेऊन सरपंचबाई जिल्हा परिषदेत आठ-दहा खेपा घालत राहिल्या. पाणी उचलायची जागा नाल्याच्या वर न्यायला दोन वर्षं लागली. नाला अजून वाहतोच आहे. पण त्या गावात नंतर तशी साथ आली नाही.

अण्णांचा मात्र एक गैरसमज झाला. टिपणीवर माझी सही होती, म्हणून त्यांना वाटलं वह्या मी वाचवल्या. नोटिशीचं पुढं काही झालं नाही, ते सरळ निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ झाल्यावर बोलायला उभे राहिले आणि त्या आवाजात म्हणाले, "ह्या हापिसात मी एकच झ्याक काम बगितलं. वारणानं 'क'चा 'अ' केला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही. मी मान खाली घालून बसलो. लोकांना तो नम्रपणा वाटला.

त्यानंतर जो भेटेल त्याला ते हेच सांगायचे. नव्या जागेवरून गावाला पाणी सुरू झालं ते कळवायला मी उचगावात त्यांच्या घरी गेलो. सकाळची वेळ, काकू अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. अण्णांचे गुडघे गेले होते, पायरीवर बसूनच त्यांनी शेजारच्याला हाक मारली. "हे बग, ह्योच त्यो. ह्यानंच..."

"अण्णा, तो 'क' मीच लावला होता," मी म्हणालो.

शेजारी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघून निघून गेला.

"तू?"

"न वाचता. जेवायची वेळ झाली होती. खाली खुणा ओढत गेलो."

"आन् मी इचारलं तवा?"

"खोटं बोललो. साहेबांशीसुद्धा."

ते काठी टेकत उठले आणि घरात गेले. काकूंनी चहा आणला, मी एकट्यानंच प्यायलो.

दोन महिने ते कार्यालयाकडं फिरकले नाहीत. एरवी निवृत्तीनंतरही दर सोमवारी वही बघायला यायचे. मी तीनदा फोन केला. काकू म्हणायच्या, "झोपल्यात." दुपारी बारा वाजता.

मग टपालानं एक अर्ज आला. अक्षर ओळखीचं. 'आपल्या कार्यालयातील नदी नमुना नोंदवह्यांना प्रथम क वर्ग कोणी व कोणत्या कारणाने दिला, याची माहिती मिळावी.'

असले अर्ज माझ्याच टेबलावर येतात. उत्तराचा मसुदा मीच करायचा. तोवर गोदावरी साहेबांची बदली होऊन नव्या मॅडम आल्या होत्या. सोपं उत्तर समोर होतं आणि ते खोटंही नव्हतं: यादीवर तत्कालीन अधिकाऱ्यांची सही आहे. एवढं लिहिलं असतं तर काम संपलं असतं. दोष त्या साहेबांच्या नावावर गेला असता, ज्यांनी शेवटी त्या वह्या वाचवल्या. तो मसुदा मी लिहिलासुद्धा. दुपारी परत वाचला आणि फाडला.

मग टिपणी लिहिली. 'सदर वर्ग मी दिला होता. नोंदवह्या न पाहता, सरसकट खुणा करून दिला होता. याबाबत विचारणा झाली असता मी दोन वेळा चुकीची माहिती दिली.' खाली नाव, हुद्दा, सही.

मॅडमनी वाचलं आणि चष्मा काढला. "हे फाईलवर घ्यायचंच आहे का? यादीवर सही तर तेव्हाच्या साहेबांची आहे."

"सही त्यांची आहे मॅडम. खुणा माझ्या आहेत."

"चौकशी लागू शकते तुमच्यामागे."

"हो."

त्यांनी सही केली. पुढं चौकशी झालीही. माझ्या सेवापुस्तकात लेखी ताकीद चढली. माझ्या बायकोला ती अजून पटलेली नाही.

उत्तर गेलं, आणि आठवड्यानं अण्णा रिक्षातून आले. फाईल मागितली. टिपणी वाचली, मग पान उलटून मागं काही आहे का ते बघितलं, परत पहिल्यापासून वाचली. अभिलेख पाहिल्याची सही केली. मी उभाच होतो.

"माज्या अंगणात सांगून काय उपेग हुता?" ते म्हणाले. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. "उद्या रविवार. घरला ये. तुजी काकू कवापासनं इचारत्या, वारणा का येईना."

मी गेलो. नंतरही दीड वर्ष जात राहिलो, ते असेपर्यंत.

आता माझीही निवृत्ती पुढच्या वर्षी आहे. ती टिपणी त्याच फाईलमध्ये आहे आणि फाईल 'अ' वर्गात, म्हणजे माझ्यामागंही ती राहणार. पहिली काही वर्षं कुणी ती फाईल मागितली की तेवढं एक पान बाजूला काढून ठेवावं असं वाटायचं. मागच्या आठवड्यात कॉलेजची एक पोरगी आली, नदीचा अभ्यास करते म्हणाली. मी फाईल आहे तशी तिच्यापुढं ठेवली आणि माझ्या कामाला लागलो. थोड्या वेळानं तिनं त्या पानावरून मान वर करून माझ्या टेबलावरच्या नावाच्या पाटीकडं बघितलं.

"काका, हे तुम्हीच का?"

"होय," मी म्हणालो. "मीच."